जुने टेबल घरी आणताना

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. या शहरात क्रांती चौक आणि रेल्वे स्टेशन यांच्या दरम्यान उस्मानपुरा ही वस्ती आहे. आमच्या शेजारच्या खाला इथेच दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांची मुलगी दहावीला गेली. लहान भाऊ पलंगावर उड्या मारत असताना ती त्याच पलंगावर वह्या पसरून बसे. तिला टेबल हवे होते. पण नवे टेबल परवडणारे नव्हते. म्हणून रविवारी आम्ही जाफर गेटच्या आठवडी बाजारात गेलो. भाजीपाल्यापासून जुन्या सामानापर्यंत तिथे खूप काही मिळते.

पहिलेच टेबल चकचकीत होते. खालांना ते फार आवडले. मी वाकून त्याची खालची बाजू पाहिली. ते भुश्याच्या बोर्डाचे होते. लाकडाचा भुसा आणि डिंकासारखा पदार्थ दाबून असा बोर्ड बनवतात आणि वर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवतात. पाणी लागले की त्याच्या कडा फुगतात. एकदा काढलेला स्क्रू त्यात पुन्हा घट्ट बसत नाही. माझे मत विचाराल, तर जुने घ्यायचे असेल तेव्हा चकाकी नसलेले सागवान बरे.

दुसरे टेबल सागवानी होते. त्यावर शाईचे डाग होते. डागांचे काही नाही, पण भोकांचे आहे! टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली आणि त्यांच्याखाली ताजी, पिठासारखी भुकटी पडलेली असली, तर आत कीड जिवंत आहे असे समजा. बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, तर वाळवीने लाकूड आतून खाल्लेले असू शकते. सांध्यांत काळे ठिपके दिसले, तर ढेकणांचा संशय घ्या. ढेकूण रक्त न पिता कित्येक महिने जगू शकतो. त्यामुळे टेबल बरेच दिवस दुकानात पडून होते, एवढ्यावर विसंबू नका.

हे टेबल निर्दोष होते. खालांनी घासाघीस करून भाव ठरवला आणि पावतीही मागितली. जुना माल कुणाचा होता हे आपल्याला ठाऊक नसते. पावती असली म्हणजे आपण तो विकत घेतला एवढे तरी दाखवता येते.

खरी अडचण पुढेच होती. लोडिंग रिक्षाने टेबल दारापर्यंत आले, पण जिन्याच्या वळणावर अडकले. निघण्यापूर्वी आम्ही खोली मोजली होती, जिना नाही! हमालाने हसत टेबल उभे केले, पाय आधी फिरवले आणि दोन मिनिटांत ते वर नेले.

कपाट आणायचे असेल, तर गणिताचे पुस्तक आठवा. आडवे आणलेले कपाट उभे करताना त्याचा कर्ण छताखाली मावला पाहिजे. उंची ७ फूट आणि खोली २ फूट असेल, तर ४९ अधिक ४ म्हणजे ५३. त्याचे वर्गमूळ सुमारे ७.२८. म्हणजे जवळजवळ ७ फूट ४ इंच जागा लागेल. वर माळा असेल, तर आधी तो मोजा.

‘हमाल’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो अरबीतून आला. ‘खुर्ची’ म्हणजे तुमची ‘कुर्सी’च. ‘माथाडी’ हा शब्द मात्र ‘माथा’ यावरून आला. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. या कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला. त्या दिवशी हमालाने मजुरी आधी ठरवून घेतली होती. खालांनी ती दिली आणि वर चहाही दिला.

टेबल आता खिडकीपाशी आहे. त्याचा एक पाय किंचित आखूड निघाला. त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवली आहे.