नट निघाले, चाक का निघेना?

आजच्या बहुतेक लहान मोटारींत गाडी ओढणे, वळवणे आणि ब्रेक लावताना पुढे येणारा भार पेलणे ही तिन्ही कामे पुढच्या चाकांकडे असतात. त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरनंतर पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावतात. जॅक आणि पाना असला की हे काम घरीही होते. पण कोकणपट्टीत किंवा मुंबईत एखादा पावसाळा काढलेल्या गाडीची गंमत वेगळीच असते. सगळे नट काढून बाजूला ठेवले तरी चाक जागचे हलत नाही! मग त्याला धरून ठेवले आहे कोणी?

चाकाच्या मध्यभागी एक भोक असते आणि ते हबच्या गोल उंचवट्यावर जेमतेम बसते. दोहोंमधली फट केसाएवढी. तिच्यात पाणी शिरते, आणि केशाकर्षणामुळे तिथेच टिकून राहते. हब लोखंडी असल्याने तो गंजतो. आता थोडे गणित करू. ५६ ग्रॅम लोखंडाचे आकारमान सुमारे ७ घन सेंटिमीटर असते. गंजताना लोखंडाच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन आणि हायड्रोजनचा एक अणू चिकटला, तर ८९ ग्रॅम गंज तयार होईल. अशा गंजाची घनता सुमारे ४.३, म्हणजे आकारमान जवळजवळ २१ घन सेंटिमीटर. तिप्पट! एवढ्या गंजाला फटीत जागा कुठली? तो पाचरीसारखा ठासून बसतो. जुन्या इमारतीच्या सज्जाचे प्लॅस्टर फुटून आतल्या सळ्या दिसू लागतात, तेही याच कारणाने.

चाक अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असेल तर आणखी एक भानगड होते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी म्हणजे विद्युतघटच झाला. त्यात अॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी फटीत साचते. समुद्राच्या हवेतले मीठ या कामाला हातभार लावते.

अशा वेळी माणूस काय करतो? जॅकवर उचललेल्या गाडीचे चाक दोन्ही हातांनी धरून जिवाच्या आकांताने ओढतो. हे मात्र कधीही करू नये. जॅकचा पाया वीतभरही नसतो. आडवा हिसका बसला की तो कलंडतो आणि गाडी खाली येते. आमच्या मते या कामातला खरा धोका एवढाच आहे, पण तो जिवावर बेतणारा आहे.

त्यापेक्षा गाडीचे वजनच कामाला लावावे. सगळे नट पुन्हा चढवून हाताने घट्ट करावेत आणि मग प्रत्येक नट एक-दीड फेरा उलट फिरवावा. स्टडचे आटे सव्वा-दीड मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे चाकाला सुमारे दोन मिलिमीटर हलायला जागा मिळते, पण ते निसटू शकत नाही. आता सपाट जागी गाडी सावकाश खाली सोडावी. आठशे किलोच्या गाडीत एका चाकावर सुमारे दोनशे किलो भार येतो. जमीन चाकाला वर रेटते, हब खाली दाबला जातो आणि मधला गंज कातरला जातो. पुष्कळदा ‘कट्’ असा आवाज ऐकू येतो. नाही आला, तर गाडी ढकलून जेमतेम अर्धा फूट पुढे-मागे करावी.

तरीही चाक हटून बसले तर फटीत गंज सोडवणारे पातळ तेल सोडून तासभर थांबावे. ब्रेकवर मात्र थेंबही जाऊ देऊ नये. मग गाडी उचलून भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवावी, नट तसेच सैल ठेवावेत आणि टायरच्या कडेवर लाकडी ठोकळा धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठोके द्यावेत. टायरची त्रिज्या २८ सेंटिमीटर आणि भोकाची तीनच्या आतबाहेर, म्हणजे तरफेचा लाभ नऊपट. लोखंडी हातोडा थेट रिमवर मारला तर अॅल्युमिनियम तडकू शकते. ज्योतीने तापवण्याचे धाडस तर करूच नये, टायर फुटतो.

चाक निघाले की हब आणि भोक तारेच्या ब्रशने चकचकीत घासावे आणि उंचवट्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. स्टडला ग्रीस लावू नये. घर्षण कमी झाल्याने नट नकळत जास्त आवळला जातो. नट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळावेत. किती जोर लावायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तो १०० न्यूटन-मीटर असेल, तर पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ४० किलो वजनाएवढा जोर लावावा लागेल. वर्गात हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा. गंज निघालेल्या जागी चाक नव्याने बसते आणि नट किंचित सैल पडू शकतात, तेव्हा पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की ते पान्याने पुन्हा एकदा तपासावेत.