उठती खुर्ची : रचना आणि निवड

पेढीवरील गादीवर मांडी घालून आयुष्यभर व्यापार केलेल्या मंडळींना उतारवयात बसणे साधते, पण उठणे साधत नाही, हे सभासद बंधुभगिनींस निराळे सांगावयास नको. दरवेळी कोणास हाक मारावयाची, या संकोचाने कित्येक वृद्ध पाणीसुद्धा कमी पितात. म्हणून विजेवर चालणाऱ्या उठत्या खुर्चीची माहिती आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

उठताना मनुष्य पावले मागे घेतो व धड पुढे झुकवतो. भार पावलांवर आला म्हणजे गुडघे त्यास उचलतात. बैठक जितकी ठेंगणी, तितका गुडघ्यांवर ताण अधिक. उठती खुर्ची बैठक वर उचलून किंचित पुढे कलती करते व हा ताण हलका करते.

बैठकीखाली पोलादी सांगाडा व कात्रीसारख्या जोडपट्ट्या असतात. मोटार आटेदार दांडा फिरवते आणि त्याच्या सरकण्याने सांगाडा उचलला जातो. मालमोटारीच्या स्क्रू-जॅकचे तत्त्व हेच. तथापि वीज गेल्यास माणूस पहुडलेल्या स्थितीत अडकू नये, यास्तव बॅटरीची सोय अवश्य पाहावी. एकाच मोटारीच्या खुर्चीत पाठ व पाय बहुधा एकत्र हलतात. दोन मोटारी असल्यास स्वतंत्रपणे.

नमुना पाहिल्यावाचून आपण धान्याचा सौदा करीत नाही. येथेही तोच नियम पाळावा. बसणाऱ्याची पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. बैठकीची कड व पोटरी यांत दोन-तीन बोटे अंतर असावे. हात भक्कम असावेत, गादी फार मऊ नसावी, वजनाची मर्यादा विचारून घ्यावी. पाठ मागे जाते, म्हणून भिंतीपासून अंतर ठेवावे. खुर्ची खाली येताना लहान मुलांचे हात सांगाड्यात सापडण्याचा धोका असतो, याचे भान असावे.

ही खुर्ची उभे करते, चालवीत नाही. ज्यास उभे राहताच येत नाही, त्याच्यासाठी ती नव्हे. प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. पायांत बळ असेल त्याने खुर्चीचे साहाय्य गरजेपुरतेच घ्यावे व उरलेले स्वतः उठावे. न वापरलेले स्नायू क्षीण होतात.

अखेरीस चिरंजीवांना एक विनंती. खुर्ची दिवाणखान्याच्या शोभेकरिता न घेता वडिलांना दुकानी नेऊन, त्यांना बसवून, उठवून घ्यावी. आणि घरी आणल्यावर तिची कळ त्यांच्याच हाती द्यावी.