वखार, बेट आणि वसाहत
(इंग्रजांच्या आरंभींच्या परदेशांतील वसाहती व आपलें कोंकण)

मंडणगड तालुक्यांत सावित्री नदीच्या मुखाशीं बाणकोटचा किल्ला आहे. इंग्रजांनीं त्यास 'व्हिक्टोरिया' असें नांव दिलें होतें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. हें नांव राणी व्हिक्टोरियाचें, अशी मात्र पुष्कळांची समजूत असते, आणि ती चुकीची आहे. किल्ला इंग्रजांच्या हातीं आला इ. स. १७५५ सालीं, आणि राणीचा जन्म इ. स. १८१९ चा. मराठी मुलखांत मुख्य भूमीवर इंग्रज कंपनीस कायमचा मिळालेला पहिला तुकडा तो हाच. त्यापूर्वीं शंभर वर्षें कंपनीची वखार आमच्याच जिल्ह्यांत राजापुरास होती, आणि मुंबई बेट तर तिच्याकडे इ. स. १६६८ पासून होतें.

मग प्रश्न असा उभा राहतो कीं, त्याच शतकांत त्याच इंग्रजांनीं अमेरिकेंत जाऊन रानें तोडलीं, शेतें केलीं व गांवें वसविलीं. आपल्या किनाऱ्यावर मात्र त्यांनीं एकहि शेत नांगरलें नाहीं, तें कां? ह्याचें उत्तर लढायांच्या वर्णनांत सांपडत नाहीं. तें जमीन कोणाची, धान्य कोण पिकवितो आणि सारा कोण ठरवितो, ह्या तीन गोष्टींत सांपडतें. शेतकऱ्यास हा इतिहास परका वाटूं नये म्हणून आम्ही तो ह्याच बाजूनें येथें मांडीत आहों.

कंपनी म्हणजे काय

ह्या सर्व उद्योगांच्या मुळाशीं सनद असे. व्यापाऱ्यांनीं भांडवल गोळा करावें, राजाकडून सनद घ्यावी, आणि त्या सनदेच्या बळावर दूरच्या मुलखांत व्यापार व कारभार करावा, अशी ही पद्धत. ईस्ट इंडिया कंपनीस राणी एलिझाबेथनें इ. स. १६०० च्या ३१ डिसेंबरास सनद दिली. व्हर्जिनियाची सनद राजा पहिला जेम्स ह्यानें इ. स. १६०६ सालीं दिली. दोहोंतहि भागीदार लंडनास बसत आणि काम करणारे हजारों कोस दूर असत. भागीदारास नफा हवा असे; काम करणाऱ्यास आधीं पोटास हवें असे. पुढील बहुतेक अनर्थ ह्या अंतरांतून उत्पन्न झाले.

व्हर्जिनिया : उपासमार आणि तंबाखू

इ. स. १६०७ च्या मे महिन्यांत सुमारें शंभर इंग्रज व्हर्जिनियांत उतरले आणि नदीकांठीं जेम्सटाउन वसवूं लागले. त्यांत सोनें शोधण्याच्या आशेनें आलेले पुष्कळ व नांगर धरणारे थोडे होते. जमीन सामाईक, काम सामाईक आणि पीक कंपनीच्या कोठारांत, असा नियम होता. जो राबला त्यासहि तितकेंच आणि जो निजून राहिला त्यासहि तितकेंच. इ. स. १६०९-१० च्या हिवाळ्यांत असा दुष्काळ पडला कीं, सुमारें पांचशें माणसांपैकीं साठ-सत्तरच वसंतापर्यंत जगलीं.

पुढें इ. स. १६१४ च्या सुमारास डेल नांवाच्या अंमलदारानें जुन्या वसाहतवाल्यांस प्रत्येकीं तीन एकरांचे तुकडे स्वतःच्या वहिवाटीस दिले, व त्याबद्दल वर्षास ठराविक मका कोठारांत भरण्याचें ठरविलें. तेव्हांपासून धान्याची ओरड कमी झाली. इ. स. १६१८ नंतर जो स्वखर्चानें येईल किंवा दुसऱ्यास आणील, त्यास माणशीं ५० एकर जमीन देण्याची रीत पडली. तरी ही जमीन ओसाड नव्हती, हें विसरतां कामा नये. तेथें पौहाटन लोकांचीं गांवें व मक्याचीं शेतें होतीं. त्या मुलखांत पीक कसें घ्यावें हें इंग्रज त्यांच्याचपासून शिकले, आणि पुढें त्यांनींच त्यांस हुसकून लाविलें. इ. स. १६२२ सालीं त्या लोकांनीं एकाएकीं हल्ला करून ३४७ इंग्रज मारिले, तो ह्याच तंट्याचा परिणाम.

कंपनीचे भागीदार लंडनाहून रेशीम करा, द्राक्षें लावा, कांच करा, लोखंड गाळा असे हुकूम पाठवीत. परंतु जॉन रोल्फ नांवाच्या शेतकऱ्यानें इ. स. १६१२ च्या सुमारास बाहेरून आणलेलें तंबाखूचें बीं लाविलें, आणि तें पीक त्या मातीस मानवलें. मग जो तो तंबाखूच्या मागें लागला. इ. स. १६१९ सालीं जेम्सटाउनास वसाहतवाल्यांच्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. प्रत्येक गृहस्थानें एक पिंप मका शिलकेस ठेवावा आणि दरसाल सहा तुतीचीं झाडें लावावीं, असे ठराव तिला करावे लागले. ह्यावरूनच तंबाखूनें धान्याची जागा किती व्यापिली होती हें दिसतें. त्या सालीं उत्तम तंबाखूस रत्तलास तीन शिलिंग भाव होता, इ. स. १६३० च्या सुमारास तो एका पेनीच्या आसपास आला. जमीन चार-पांच पिकांत निःसत्त्व होई. मग नवें रान तोडावें लागे.

ह्या पिकास मजूर फार लागत. प्रथम विलायतेंतून कराराचे नोकर येत. ते कांहीं वर्षें बिनपगारी राबून भाडें फेडीत. इ. स. १६१९ सालींच आफ्रिकेंतून धरून आणलेलीं वीसेक माणसें तेथें उतरविण्यांत आलीं, आणि पुढें सबंध शेतीचा डोलारा गुलामांच्या पाठीवर उभा राहिला. इ. स. १६२७ सालीं वसलेल्या बार्बाडोस बेटांत उसाच्या मळ्यांनीं हीच गोष्ट अधिक क्रूरपणें केली. इ. स. १६२४ सालीं राजानें व्हर्जिनिया कंपनीची सनद रद्द करून कारभार आपल्याकडे घेतला. पण प्रतिनिधींची सभा टिकली. मॅसाच्युसेट्सच्या लोकांनीं तर अधिक शहाणपण केलें. इ. स. १६३० सालीं ते निघाले तेव्हां कंपनीची सनदच बरोबर घेऊन गेले. त्यामुळें मालक आणि कसणारे एके ठिकाणीं आले.

राजापूरची वखार

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. येथें इंग्रजांस रान तोडावयाचें नव्हतें. भात, नारळ, मिरीं, कापड सर्व तयार होतें, आणि तें पिकविणारे व विणणारे आपापल्या वतनावर होते. म्हणून त्यांनीं वखार घातली. वखार म्हणजे मालाचें कोठार, हिशेबाची कचेरी व गुमास्त्यांचें बिऱ्हाड. इ. स. १६४९ च्या सुमारास राजापुरास ती निघाली. वखारवाल्याचा जमिनीवर हक्क नसे. देशांतील राज्याच्या परवानगीनें त्यानें राहावयाचें.

ही मर्यादा मोडली तेव्हां काय झालें, तें प्रसिद्ध आहे. इ. स. १६६० सालीं पन्हाळ्यास सिद्दी जौहराचा वेढा असतां राजापूरचा मुख्य रेव्हिंग्टन आपले गोलंदाज घेऊन तेथें गेला, आणि इंग्रजांचें निशाण लावून किल्ल्यावर मारा करूं लागला. शिवाजीमहाराजांनीं पुढच्याच वर्षीं राजापूर घेतलें व वखारवाल्यांस कैद केलें, इ. स. १६६३ सालीं ते सुटले. राज्याभिषेकाच्या वेळीं, इ. स. १६७४ सालीं, हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हां नुकसानभरपाई व शेंकडा अडीच जकातीवर व्यापाराची मोकळीक ह्या गोष्टी ठरल्या. वखार पुन्हा उघडली, पण फार दिवस चालली नाहीं. व्यापाऱ्यानें व्यापारीच राहावें, हा धडा राजापुरानें कंपनीस दिला.

मुंबई बेट : साऱ्याचा करार

मुंबई ही वखारहि नव्हे व वसाहतहि नव्हे. पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इ. स. १६६१ च्या तहानें ती इंग्लंडच्या राजास मिळाली, इ. स. १६६५ सालीं ताब्यांत आली, आणि इ. स. १६६८ सालीं राजानें वर्षास दहा पौंड खंडावर कंपनीस दिली. सात लहान बेटें, मध्यें खाजणें, वर नारळीच्या वाड्या, थोडें भात, मीठ व मासळी, असा तो मुलूख. माडांस मासळीचें खत घालीत, त्याच्या दुर्गंधानेंच ताप येतो असें तेव्हांचे इंग्रज लिहीत. खरें कारण डास, हें इ. स. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस ह्यांच्या शोधानें सिद्ध होण्यास सवादोनशें वर्षें लागलीं. तोंवर दोष मात्र माडवाल्याच्या खतास मिळाला!

आमच्या दृष्टीनें मुंबईची मुख्य गोष्ट साऱ्याची आहे. पोर्तुगीज अमदानींत जमीनदार राजास 'फोरो' नांवाची हलकी पट्टी देत. इंग्रज आल्यावर सर्व जमीन सरकारची असा दावा निघाला, आणि जमीनदार हवालदिल झाले. कोणाची वाडी कधीं खालसा होईल याचा भरंवसा राहिला नाहीं. गव्हर्नर जेराल्ड आँजियर (इ. स. १६६९-७७) ह्यानें ओळखलें कीं, हक्काचा भरंवसा नसेल तर माड कोणी लावणार नाहीं. इ. स. १६७२ च्या नोव्हेंबरांत जमीनदारांशीं बोलून असें ठरलें कीं, त्यांनीं सर्वांनीं मिळून वर्षास २०,००० शेराफीन (हें गोव्याकडील पोर्तुगीज नाणें) द्यावें, आणि कंपनीनें आपला दावा सोडून त्यांच्या जमिनी कायम कराव्या. इ. स. १६७४ सालीं करार पक्का झाला. ह्याच माणसानें इ. स. १६७२ सालीं न्यायकचेरी काढली, जातवार पंचायतींकडे किरकोळ तंटे सोंपविले, आणि जमीनदारांतून शिबंदी उभारली. वस्ती वाढली ती ह्या भरंवशामुळें. पुढें खाजणांत बांध पडून निघालेल्या जमिनी हलक्या पट्टीवर लोकांस दिल्या गेल्या. 'फोरस रोड' ह्या नांवांत ती जुनी पट्टी अजून ऐकूं येते.

परंतु लंडनच्या काटकसरीचा त्रास येथेंहि झाला. शिपायांचे पगार कमी केल्यामुळें इ. स. १६८३ सालीं कॅप्टन केग्विननें बंड करून राजाच्या नांवानें बेट आपल्या ताब्यांत घेतलें, व जवळजवळ एक वर्ष चालविलें. इ. स. १६८९ सालीं जंजिऱ्याच्या सिद्दीनें बेटावर उतरून किल्ल्यास वेढा दिला. धान्य मुख्य भूमीवरून येणारें असल्यामुळें अशा प्रसंगीं बेटाची दुर्बलता लगेच उघडी पडे. मुंबईस धान्य, गुरें व खाडीचा आसरा हवा होता; म्हणून तिची नजर बाणकोटावर गेली.

बाणकोट

इ. स. १७५५ सालीं पेशव्यांच्या मदतीस म्हणून कमोडोर जेम्स ह्यानें तुळाजी आंग्र्याकडून सुवर्णदुर्ग व बाणकोट घेतले. पुढच्या वर्षीं विजयदुर्गहि पडला. इ. स. १७५६ च्या ऑक्टोबरांत पुण्यास तह होऊन विजयदुर्ग पेशव्यांस मिळाला, आणि बाणकोट व नजीकचीं कांहीं गांवें इंग्रजांकडे गेलीं. दर्यावरील आपलें बळ मोडून परक्याचें वाढविलें, असा ह्या सौद्याचा हिशेब पुढील पिढीस करावा लागला. राजापुरास परवानगीनें बसलेली कंपनी शंभर वर्षांनीं आमच्याच जिल्ह्यांत गांवांचा वसूल घेऊं लागली. इ. स. १८१८ नंतर दक्षिण कोंकणचें मुख्य ठाणें प्रथम बाणकोटासच होतें, इ. स. १८२२ सालीं तें रत्नागिरीस आलें.

तात्पर्य

अमेरिकेंत इंग्रजानें कसणारे हुसकून जमीन घेतली. येथें कसणारा जागेवर ठेवून त्याचा सारा घेतला. तेथें वसाहतवाल्यांनीं सभा मागितली व मिळविली, कारण जमीन त्यांच्या हातीं होती. येथें कारभार गव्हर्नर व कौन्सिलाकडे राहिला, आणि शेतकऱ्याच्या वांट्यास पाहणी, आकारणी व खोतीचे तंटे आले. खोती तर इ. स. १९४९ च्या कायद्यानें संपली.

शेतकऱ्यानें ह्यांतून तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, असें आम्हांस वाटतें. पहिली, हक्काचा कागद पक्का असल्याखेरीज माडासारखें वीस वर्षांचें पीक कोणी लावीत नाहीं. म्हणून सातबाऱ्याची नोंद वेळच्या वेळीं पाहून घ्यावी. दुसरी, एकाच नगदी पिकावर सर्व भिस्त ठेवूं नये. तंबाखूची तीन शिलिंगांची एक पेनी होण्यास बारा वर्षेंहि पुरीं लागलीं नाहींत, आणि आमचा आंबाहि भावाच्या बाबतींत त्याहून निराळा नाहीं. तिसरी, मंडळी असो वा सोसायटी, तिचे हुकूम दूर बसलेल्यांनीं काढावे आणि कसणाऱ्यानें निमूट पाळावे, अशी रचना होऊं देऊं नये. सभासदांनीं वार्षिक सभेस जावें, हिशेब मागावा व वाचावा. इतकी दक्षता ठेविली तर ह्या जुन्या हकीकतीचा आम्हांस उपयोग झाला असें होईल.