टेकडी उतरल्यावर: व्यायामात जाळलेल्या कॅलरी परत खायच्या का?

समोरच्या दोन रांगांतले बूट आणि मनगटावरची घड्याळं पाहून कळतंय, की बरीच मंडळी सकाळी टेकडीवर जाणारी आहेत. तेव्हा सुरुवात टेकडीपासूनच करू.

माझ्याकडे एक ताई आल्या होत्या. वय ४५, उंची १६० सेंटिमीटर, वजन ७० किलो. चार महिने रोज सकाळी पाऊण तास भरभर चालत होत्या, एका दिवसाचाही खाडा नाही. खाल्लेलं सगळं फोनमध्ये लिहीत होत्या. ठरवलं होतं सहा किलो उतरवायचं, उतरलं जेमतेम एक. थायरॉइडची तपासणी करून झाली होती, ती नॉर्मल. मला म्हणाल्या, "मॅडम, माझं शरीरच बिघडलेलं दिसतंय. आता सोडून देते."

मी त्यांचा फोन बघितला. सकाळचं चालणं झालं की घड्याळ सांगत होतं, ३२० कॅलरी जळल्या. फोनमधलं अ‍ॅप त्या ३२० दिवसाच्या खाण्याच्या मर्यादेत जमा करत होतं. आणि ताई त्या प्रामाणिकपणे खात होत्या. त्यांना वाटत होतं, कमावल्या आहेत तर खायला काय हरकत आहे?

तर आजचा प्रश्न हाच आहे. वजन उतरवताना व्यायामात जळलेल्या कॅलरी परत खायच्या का? उत्तर एका शब्दात मिळणार नाही, पण तीन प्रश्न विचारले तर प्रत्येकाला आपापलं उत्तर मिळतं.

पहिला प्रश्न: व्यायाम आधीच मोजलाय का?

आधी एक खुलासा. बोलताना आपण जिला कॅलरी म्हणतो, ती खरं तर किलोकॅलरी असते. मीही आज तसंच बोलणार आहे.

दिवसाचा खर्च काढायच्या दोन पद्धती आहेत. दोन्हींत सुरुवात सारखीच: नुसतं पडून राहिलात तरी हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवायला किती लागतं? या ताईंचं ते सूत्राने साधारण १३१० येतं. पुढे फाटा फुटतो.

एका पद्धतीत तुम्ही सांगता, "मी बैठं काम करते." मग १३१० ला १.२ ने गुणतात, म्हणजे साधारण १५८०. यात टेकडी धरलेली नाही, ती वेगळी जमा करायची असते. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही सांगता, "मी आठवड्यातले बरेच दिवस चालते." मग गुणायचा आकडा मोठा होतो, १.३७५, आणि खर्च येतो साधारण १८००. यात टेकडी आधीच आली!

आता होतं काय, लोक दुसरी पद्धत निवडतात आणि वर घड्याळाच्या कॅलरीही जमा करतात. म्हणजे एकाच पगाराची दोनदा नोंद केली. तेव्हा घरी गेल्यावर पहिलं काम, अ‍ॅप उघडून बघा की सुरुवातीला तुम्ही काय निवडलं होतं. "सक्रिय" असं काही निवडलं असेल, तर परत खायचा प्रश्नच संपला. ते तुमच्या रोजच्या आकड्यात आलेलं आहे.

ताईंनी "बैठं काम" निवडलं होतं. त्यातून ४०० ची तूट धरून अ‍ॅपने त्यांना साधारण ११८० ची मर्यादा दिली होती. म्हणजे त्यांची पद्धत चुकीची नव्हती. मग चुकलं कुठे?

दुसरा प्रश्न: तो आकडा खरा आहे का?

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात उपकरणं ६० स्वयंसेवकांवर तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यांत बऱ्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के निघाली, आणि सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. त्यानंतर उपकरणं सुधारली असतील, तरी मुळातली अडचण राहतेच. घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते ठोके, हालचाल, तुमचं वय आणि वजन यांवरून अंदाज बांधतं.

आता आपण कागदावर हिशेब करू. शांत बसलेला माणूस तासाला दर किलो वजनामागे साधारण १ कॅलरी खर्च करतो. भरभर चालताना हा खर्च सुमारे ४.३ पट होतो. ७० किलो, पाऊण तास: साधारण २२५ कॅलरी. घड्याळ म्हणत होतं ३२०.

बरं, या २२५ मध्येही एक गंमत आहे. ताई चालायला गेल्या नसत्या, घरी खुर्चीत बसल्या असत्या, तरी त्या पाऊण तासात ५० एक कॅलरी जळल्याच असत्या. त्या दिवसाच्या १५८० मध्ये आधीच धरलेल्या आहेत. त्या वजा केल्या की चालण्याची खरी जादा कमाई उरते १७० ते १७५.

तिसरा प्रश्न: शरीर पुढे काय करतं?

टांझानियात हादझा नावाचे लोक आहेत, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारे. दिवसभर त्यांची पायपीट चालू असते. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराचा आकार लक्षात घेतला तर हादझांचा एकूण खर्च आणि शहरात बसून काम करणाऱ्या अमेरिकन माणसाचा खर्च जवळजवळ सारखाच निघाला.

म्हणजे हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे काटकसर करतं, असं दिसतं. काही आपल्याही लक्षात येतं: सकाळी टेकडी केली की दुपारी आपण जरा जास्त वेळ लवंडतो, लिफ्टने जातो. काही काटकसर आतल्या आत होते. २०२१ मध्ये मोठ्या संख्येने लोकांच्या मोजमापांचा अभ्यास झाला, त्यात ही काटकसर सरासरी २८ टक्के दिसली. यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे आणि प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असतं. पण सरासरी धरून चाललो, तर आपल्या १७५ मधले हाती राहतात साधारण १२५.

बघा, ३२० वरून आपण १२५ वर आलो. ताई रोज १९५ कॅलरी न कमावलेल्या खात होत्या. महिन्याच्या झाल्या ५,८५०. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे महिन्याला पाऊण किलो चरबी उतरायची राहून गेली. ४०० ची तूट आली निम्म्यावर.

आणि उरलेली निम्मी? ती कढईत गेली. फोडणीचं तेल त्या लिहीतच नव्हत्या. एक छोटा चमचा तेल म्हणजे ५ ग्रॅम, ४५ कॅलरी. तीन चमचे धरले की १३५. यात लबाडी अजिबात नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक अभ्यास झाला होता, "आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही" असं म्हणणाऱ्या दहा जणांवर. त्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. चयापचय मात्र त्यांचं ठीक होतं. मनापासून नोंद ठेवणारा माणूसही असाच चुकतो.

ताईंना मी हे कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. चार महिने त्या स्वतःच्या शरीराला दोष देत होत्या. बिघाड आकड्यांत होता.

पण थांबा, उलटी बाजूही आहे

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, "ठरलं, व्यायामाचं काही परत खायचंच नाही." तसं करू नका. माझ्याकडे याच्या अगदी उलट गोष्टही येते.

एक मुलगी, वजन ५० किलो. हाफ मॅरेथॉनची तयारी करत होती. चरबी सोडून शरीराचं वजन ३८ किलो. बारीक व्हायचं म्हणून खायची १,४००. धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलो वजनामागे दर किलोमीटरला १ कॅलरी, म्हणजे १२ किलोमीटरला ६००. उरल्या ८००. त्या ३८ ने भागल्या की येतात २१.

हा आकडा का काढला? अमेरिकेतल्या अ‍ॅन लाउक्स यांनी तरुण स्त्रियांवर प्रयोग केले होते. ही उरलेली ऊर्जा किलोमागे ३० च्या खाली गेली की पाच दिवसांतच पाळीचं नियंत्रण करणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडायला लागली. ३० ही काही दगडावरची रेघ नाही, पण धोक्याची खूण म्हणून उपयोगी आहे. या मुलीची पाळी पाच महिने आली नव्हती आणि नडगीच्या हाडाला बारीक भेग गेली होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये अशा ऊर्जेच्या तुटवड्यावर स्वतंत्र निवेदन काढलं, आणि त्यात पुरुष खेळाडूंनाही धरलं.

तेव्हा रोज तासाभराहून जास्त धावणारे, सायकलवर लांब पल्ला मारणारे, आधीच सडपातळ असलेले, यांनी परत खायलाच हवं. सतत थंडी वाजणं, झोप उडणं, चिडचिड, पुन्हा पुन्हा दुखापत, पाळी लांबणं, ही लक्षणं दिसली तर आधी खाणं वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मग करायचं काय?

व्यायाम आधीच मोजला असेल तर वेगळं काही खायचं नाही. मोजला नसेल आणि रोजचं चालणं, हलका व्यायाम असेल, तर घड्याळाच्या आकड्याच्या फार तर निम्मं खा, तेही भूक लागली तर. तीन-चार आठवडे असं करा. वजन रोज सकाळी एकाच वेळी बघा, पण तुलना आठवड्याच्या सरासरीची करा, कारण मीठ, पाणी, पाळी यांनी रोजचा काटा वरखाली होतो. सरासरी उतरत नसेल तर खाणं थोडं कमी करा. आठवड्याला एक किलोहून जास्त उतरत असेल किंवा गळून जायला होत असेल, तर वाढवा. तुमच्या शरीराचा खरा हिशेब या सरासरीत दिसतो.

ताईंनी घड्याळ आणि अ‍ॅपची जोडणी काढून टाकली. खाण्याची मर्यादा १,३०० ठेवली आणि तेल चमच्याने मोजायला लागल्या. पुढच्या तीन महिन्यांत साडेतीन किलो उतरले.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: मॅडम, एवढंच जर जळत असेल, तर मग टेकडी चढायची कशाला?*

काका, वजनाचा काटा सोडूनही टेकडीची कामं भरपूर आहेत. चालण्याने साखर आणि रक्तदाब ताब्यात राहायला मदत होते, झोप सुधारते. आणि उतरलेलं वजन पुन्हा चढू न देण्यात नियमित व्यायामाचा मोठा वाटा असतो. टेकडी चढाच. उतरल्यावर वडापाव हे तिचं बक्षीस समजू नका, इतकंच. त्याच्या साधारण ३०० कॅलरी होतात. (हशा)

*प्रश्न: मला मधुमेह आहे. सकाळी काही न खाता चालायला जाऊ का?*

तुम्ही इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेत असाल, तर आज मी सांगितलेला हिशेब तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. चालताना साखर फार खाली जाऊ शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. घाम सुटला, हात थरथरले तर लगेच खा, तिथे कॅलरी मोजत बसू नका. आणि व्यायाम वाढवण्याआधी औषधाचा डोस डॉक्टरांशी बोलून ठरवा.