बाशिंगबळ आणि सातबारा

डिसेंबर 2022 मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर एक वरात गेली. कपाळाला मुंडावळ्या, काही जण घोड्यावर, सोबत बँड. नवरी मात्र एकही नाही. ज्योती क्रांती परिषदेने काढलेला हा लग्न न जुळणाऱ्या तरुणांचा मोर्चा होता. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडकपणे राबवा, ही त्यांची मागणी. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 2023 मध्ये, कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातून अविवाहित शेतकरी नवसासाठी मले महादेश्वराच्या डोंगराकडे पायी निघाले.

सोलापूरकरांची मागणी चुकीची नव्हती. 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे कोल्हापुरात 839 आणि सांगलीत 851 मुली होत्या. ऊस, दूध, सहकार यांनी सुखवस्तू झालेले हे जिल्हे. ज्यांच्या हाती पैसा, त्यांना सोनोग्राफी आधी परवडली. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, तेही 1988 सालीच. तरी हे झालं. तेव्हाचे ते मुलगे आज बोहल्यावर चढायच्या वयाचे आहेत. शिवाय ही तूट साठत जाते. यंदा राहिलेला मुलगा पुढच्या साली लहान भावाच्या वयाच्या मुलांबरोबर त्याच मोजक्या स्थळांसाठी उभा राहतो, आणि पस्तिशीला टेकला की गाव त्याला घोडनवरा म्हणायला मोकळं.

पण मुली कमी, एवढ्यावर विषय संपवणं मला सोयीस्कर वाटतं. ज्या आहेत त्या नकार देतात, त्याचं काय? राज्यातली सरासरी शेतजमीन 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती. 2015-16 मध्ये ती 1.34 वर आली. वाटण्या होत गेल्या, बेभरवशाचा पाऊस आणि पडलेले भाव कायम राहिले. त्यात मुलीने लहानपणापासून आईला पाहिलेलं असतं. पहाटे शेणघाण, धारा, मग डबे, दुपारी खुरपणी, येताना डोक्यावर वैरण, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. ‘शेतकरी नवरा नको’ हे बहुतेक वेळा तीच लेकीला सांगते. हीच बाई मुलासाठी स्थळ पाहताना मात्र ‘शेतीची आवड असणारी’ सून मागते! लेक पुण्याला दिलेली आणि मुलगा शिल्लक, अशी घरं आता गावोगाव आहेत.

वधू-वर मेळाव्यातले बायोडाटे वाचावेत. ‘चार एकर बागायत, विहीर, बोअर, दोन गाई’ हे खाली सरकतं आणि वर ठळक येतं ‘नोकरी : पुणे’. ही नोकरी अनेकदा चाकण-रांजणगावच्या कारखान्यातली कंत्राटी असते. गावी जेवढं सुटलं असतं तेवढंच खोलीभाडं जाऊन हाती राहतं, पण सोयरीक जुळेपर्यंत ती टिकवायची. हुंडा मागणारे आता ‘दोन्हीकडचा खर्च आम्ही करू’ म्हणतात. घाईला आलेल्या घरांना गाठून लाखभर रुपये घेणारे मध्यस्थ आणि चार दिवसांत दागिन्यांसह पसार होणाऱ्या नवऱ्या, या बातम्यांचंही आता नवल राहिलेलं नाही. वयाची अट सुटली, पत्रिका सुटली, घटस्फोटितही चालते. जात तेवढी शाबूत.

म्हणून मुलींचे दिवस आले म्हणावं, तर तसंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. एकाच राज्यात तिशी ओलांडलेले मुलगे खोळंबलेत आणि सोळा-सतराच्या मुली उजवल्या जाताहेत. नकार द्यायची ताकद शिकलेल्या, थोडं पाठबळ असलेल्या मुलीकडे आहे. ऊसतोडीला निघालेल्या घरातल्या मुलीकडे नाही. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ हा चित्रपट विदर्भातल्या एका खेड्यात हेच दाखवतो : मुलीला शिकायचंय, आणि पाहुण्यांची बैठक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतेय.

सातबाऱ्यावर बाईचं नाव नाही, यावरचा उपाय मात्र जुनाच आहे. 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली होती. नवऱ्याने जमिनीचा तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावे करायचा. शंभर कुटुंबांनी केलं की गाव लक्ष्मीमुक्त. पुढे सरकारनेही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर घेण्याची सोय केली. ती आजही वापरता येते. घोडे आणि बँड ठरवणाऱ्यांपैकी कुणी तलाठ्याकडे तसा अर्ज करून तेवढी ओळ बायोडाटात टाकली, तर मुलीकडचे काय उत्तर देतात, हे पाहायला मला आवडेल.