वाशिंद स्टेशन, आठ चाळीस आणि एक प्लेट अमेरिकन चॉप्सी

कसाऱ्याकडे जाणारी गाडी वाशिंदला थांबते. धक्काबुक्कीतून तुम्ही खाली उतरता. खांद्यावर पर्स, हातात कल्याणला घेतलेली भाजीची पिशवी. घड्याळात आठ चाळीस झालेले असतात. घरी कणीक मळायची आहे, भाजी चिरायची आहे, कुकर लावायचा आहे. आणि नेमका त्याच वेळी स्टेशनबाहेरच्या रस्त्यावरून लसणीचा आणि सोया सॉसचा खमंग वास येतो. लाल रंगाची गाडी, मोठ्ठा भडकलेला जाळ, कढईवर खणखण वाजणारा झारा आणि पाटीवर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेलं, ‘व्हेज मंचुरियन, शेजवान राईस, चायनीज भेळ, अमेरिकन चॉप्सी’.

खरं सांगा, पाय घुटमळतात की नाही? आणि पाठोपाठ मनात काय येतं तेही मी सांगते. ‘छे! घरी स्वयंपाक करायचा सोडून बाहेरचं खायचं? सासूबाई काय म्हणतील? आणि ते तेल कसलं असेल कोण जाणे!’ तुम्ही पुढे निघता. पण घरी गेल्यावर मुलगाच म्हणतो, “आई, आज चायनीज आणायचं का गं?”

भगिनींनो, ह्या साध्यासुध्या, स्वस्त खाण्याबद्दल आज जरा मोकळेपणी बोलू या. हे कुठून आलं, त्यात खरा धोका कशाचा आणि उगीच भीती कशाची, घरी कसं करता येईल, आणि मुख्य म्हणजे त्या बाकड्यावर आपण बसावं की नाही!

ना पुरती अमेरिकन, ना पुरती चिनी

आधी नावाचं कोडं सोडवू. गाडी चायनीजची, मग पदार्थ अमेरिकन कसा?

आपल्या वाशिंदला रेल्वे आली १८५५ साली. कल्याणच्या पुढे काही वर्षं लोहमार्ग इथेच संपत होता. घाट फोडून गाडी इगतपुरीला पोचायला १८६५ साल उजाडलं. साधारण त्याच काळात अमेरिकेतही डोंगर फोडून रेल्वे घालण्याचं काम चाललं होतं. १८६९ साली पूर्ण झालेल्या त्या मोठ्या लोहमार्गावर हजारो चिनी मजूर राबले. काम संपलं आणि ही माणसं तिथल्या लोकांना नकोशी झाली. १८८२ साली तर कायदा करून चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी घातली गेली. जे आधीच तिथे होते त्यांना चांगल्या नोकऱ्या कोण देणार? मग त्यांच्या वाट्याला दोनच धंदे प्रामुख्याने उरले, कपडे धुण्याचा आणि खाणावळीचा. म्हणजे घरात बायकांच्या माथी असलेलीच कामं, नाही का?

त्या खाणावळींत ‘चॉप सुई’ हा पदार्थ गाजला. दक्षिण चीनमधल्या बोलीत ह्या नावाचा अर्थ साधारण ‘वेगवेगळे तुकडे एकत्र’ असा होतो. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो, उरलेल्या भाज्यांची मिसळ करतो, त्याच जातीचा हा प्रकार. मिळेल ती भाजी, मिळेल तो मांसाचा तुकडा, वर दाटसर रस. स्वस्त, गरम आणि पोटभर. रात्री उशिरापर्यंत ह्या खाणावळी उघड्या असत, त्यामुळे कामावरून परतणारी साधी माणसं तिथे जाऊ लागली.

आपल्याकडे आलेली ‘अमेरिकन चॉप्सी’ मात्र आणखी निराळी. तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, त्यावर टोमॅटो केचपचा आंबटगोड लाल रस आणि वर एक हाफ फ्राय अंडं. खुद्द अमेरिकेत न्यू इंग्लंड भागात ‘अमेरिकन चॉप सुई’ मागितलीत तर पुढ्यात येईल मॅकरोनी, खिमा आणि टोमॅटो! तेव्हा हा पदार्थ जितका त्यांचा तितकाच आपला.

मुंबईचे चिनी शेजारी

आपल्या देशात चिनी माणसं आली ती आधी कलकत्त्याला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे एका चिनी गृहस्थाने साखरेचा कारखाना काढला, तेव्हापासून. मुंबईतही त्यांची वस्ती होती. माझगावला १९१९ साली बांधलेलं त्यांचं छोटंसं देऊळ आजही आहे. कुणी दाताचे डॉक्टर, कुणी ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या, कुणी चपला-बूट करणारे, तर कुणी हॉटेलवाले. १९६२ च्या युद्धानंतर ह्या लोकांवर वाईट दिवस आले. सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, त्यात बायकामुलंही आली, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले होते. सुटका झाल्यावर अनेकजण देश सोडून गेले. जे राहिले त्यांतल्या काहींनी पुन्हा शेगड्या पेटवल्या आणि आपल्यालाच जेवू घातलं.

त्यांतलेच एक कलकत्त्याहून मुंबईला आलेले नेल्सन वांग. १९७५ साली ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी कोंबडीचे तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळले. मग आपल्यासारखीच आलं, लसूण, हिरवी मिरची फोडणीला घातली, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला. हेच ते चिकन मंचुरियन. चीनच्या मंचुरिया प्रांताला ह्याचा पत्ताही नाही! पुढे चिकनच्या जागी फ्लॉवर आला, कोबी-गाजराची भजी आली आणि पंचतारांकित टेबलावरचा पदार्थ उतरत उतरत थेट आपल्या स्टेशनरोडवर आला.

आणि एक गंमत पाहा. त्याच १९७५ साली मुंबईतच प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गिरणगावातल्या कामगारांना जेवण करून घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना त्यांनी एकत्र आणलं आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा स्वस्त, पोटभर जेवण देणं हे हलकं काम नव्हे. ते देणारा चिनी असो, नेपाळी पोरगा असो की आपली गिरणगावची मावशी.

भीती खरी कशाची?

अजिनोमोटोचं नाव काढलं की आपण दचकतो. ही पांढरी पूड जपानमधल्या इकेडा नावाच्या शास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्रशेवाळाच्या सारावरून शोधली. ज्या द्रव्यामुळे तिला चव येते, ते द्रव्य पिकलेल्या टोमॅटोतही असतं. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय मासिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं, की चिनी हॉटेलात जेवल्यावर आपली मान बधिर होते आणि छातीत धडधडतं. तेव्हापासून ही पूड बदनाम झाली. पुढे झालेल्या तपासण्यांत मात्र जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणाने असा त्रास होतो हे काही सिद्ध झालं नाही. एखादीला सोसत नसेल तर तिने खाऊ नये, इतकंच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र देऊ नये. आणि ज्यांच्या घरी रक्तदाबाचं दुखणं आहे त्यांनी पुडीपेक्षा मिठाकडे बघावं. सोया सॉस, केचप, शेजवान चटणी ह्या सगळ्यांतच मीठ भरपूर असतं.

खरी काळजी करायची ती ह्या गोष्टींची :

रंग : मंचुरियन लालभडक दिसलं की समजा, ही मिरची नव्हे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने तर गोबी मंचुरियनच्या विक्रीलाच मनाई केली होती. “भाऊ, रंग न घालता करा,” असं स्पष्ट सांगा. सांगायला लाजू नका. खाऊन बोटं लाल झाली तर दुसऱ्यांदा त्या गाडीवर जाऊ नका.

तेल : तेल काळपट, दाट झालं असेल, त्यावर फेस येत असेल, गरम होता होताच धूर निघत असेल तर तळलेला पदार्थ घेऊ नका. अशा गाडीवर सूप किंवा कढईत ताजा परतलेला भात बरा.

पाणी आणि हात : कांदा-कोबी कापून उघडा ठेवलाय की झाकून? बश्या एकाच बादलीत बुचकळून काढतात का? पावसाळ्यात तर हे आवर्जून बघा. कच्च्या कोबीची चायनीज भेळ पावसाळ्यात टाळलेलीच बरी.

शिजलेला भात : सकाळचा भात दिवसभर उन्हात उघडा राहिला तर तो पोट बिघडवतो, मग नंतर कितीही परता. चव आंबूस लागली तर बशी सरळ बाजूला ठेवा.

नोंदणी : २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे छोट्या गाडीवाल्यालाही नोंदणी लागते. तिचा चौदा आकडी नंबर असतो. तो लावलेला दिसला तर तेवढंच समाधान.

घरची अमेरिकन चॉप्सी

रविवारी घरी करून पाहा. चार माणसांना पुरते.

साहित्य : हक्का नूडल्स २०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४ मोठे चमचे, एक कांदा, एक गाजर, अर्धी ढोबळी मिरची, ६-७ फरसबीच्या शेंगा, उभा चिरलेला कोबी एक वाटी, बारीक चिरलेली लसूण एक मोठा चमचा, टोमॅटो केचप अर्धी वाटी, सोया सॉस एक लहान चमचा, व्हिनेगर एक मोठा चमचा, साखर दोन लहान चमचे, मिरपूड, मीठ, तळण्यासाठी तेल. आवडत असल्यास माणशी एक अंडं.

कृती : भरपूर पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून नूडल्स उकळा. बोटाने दाबल्यावर आत किंचित कण लागला पाहिजे. अगदी मऊ झाल्या तर लगदा होईल. चाळणीत ओतून वरून गार पाणी सोडा. मग ताटात सुती कापडावर पसरून अर्धा तास कोरड्या होऊ द्या. ही पायरी घाईत टाळू नका, ओल्या नूडल्स तेलात उडतात. दोन चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरा आणि थोड्या थोड्या सोनेरी तळा.

आता कढई चांगली तापवा. दोन चमचे तेलात लसूण आणि कांदा मोठ्या आचेवर परता. मग गाजर, फरसबी आणि शेवटी कोबी, ढोबळी मिरची घाला. भाजी कचकचीत राहू द्या. केचप, सोया सॉस, साखर आणि दीड वाटी पाणी घाला. उकळी आली की उरलेलं कॉर्नफ्लोअर पाव वाटी गार पाण्यात कालवून हळूहळू ओता आणि ढवळत राहा. रस चकाकू लागला की मिरपूड, व्हिनेगर घाला. मीठ चाखूनच घाला.

वाढताना आधी नूडल्स, मग रस, वर हाफ फ्राय. रस ओतला की लगेच खायला बसा. ‘हे’ बाहेरून यायचे असतील तर दोन्ही वेगळं ठेवा, नाहीतर कुरकुरीतपणा जाईल. मुलांना तळकट नको असेल तर नूडल्स निम्म्याच तळा, निम्म्या तशाच घाला, चव छान लागते.

आता राहिला प्रश्न बाकड्याचा

खरं सांगायचं तर आपल्याला तेलाची आणि रंगाची भीती जितकी वाटते, त्याहून जास्त भीती वाटते बघणाऱ्यांच्या नजरेची. कित्येक ठिकाणी चायनीजची गाडी दारूच्या दुकानाला लागूनच असते, तिथे उभं राहायला संकोच वाटतो आणि तो रास्तच आहे. मग पार्सल मागवायचं आणि तेही घरातल्या पुरुषाने आणायचं, असा रिवाज पडतो.

पण सगळ्याच गाड्या तशा नसतात. चांगला उजेड असलेली, समोर चार टेबलं मांडलेली, मुलंबाळं बसलेली एखादी असतेच. तिथे भिशीच्या दिवशी चौघीजणी मिळून जा की! दोन प्लेट चॉप्सी, एक मंचुरियन, चौघींत वाटून. गाडीवाल्यालाही कळू द्या की बायका इथे येतात, बसतात, पैसे मोजतात आणि रंग घालू नको म्हणून सांगतात. अशी गिऱ्हाइकं वाढली की गाडी आपोआप स्वच्छ होते. आपण जायचंच नाही असं ठरवलं, तर ती जागा पिणाऱ्यांचीच राहील.

आणि आठ चाळीसच्या गाडीने दमून उतरलेल्या बाईने आठवड्यातून एखाद्या दिवशी स्वयंपाक केला नाही, तर घर काही कोसळत नाही. ज्या घरात रोज पोळी-भाजी, वरण-भात प्रेमाने होतो, तिथे एका प्लेटीने संसाराची चव बिघडत नाही. सासूबाई कुरकुरल्या तर त्यांच्यासाठी एक प्लेट बिनतिखट करून घ्या. आंबटगोड आहे, दातांनाही सोसेल, फक्त रस ओतून पाच मिनिटं थांबा म्हणजे नूडल्स मऊ होतील. बहुतेक पुढच्या आठवड्यात त्याच विचारतील, “काय गं, आज ती शेवयांची चॉप्सी नाही का आणलीस?”