वनस्पतींचं शस्त्रागार (११) : लसूण ठेचा आणि थांबा

ठरलेली हळद आज नाही. लवंगेवरचा लेख वाचून एका वाचक बाईंनी विचारलंय की, सासूबाई रोज सकाळी लसणाची अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळतात, त्याने पोटातले जंतू मरतात का? हा प्रश्न माझ्या इतक्या आवडीचा आहे की हळदीला रांगेत मागे उभं करतो.

अख्ख्या पाकळीने? फारसं काही होत नाही. सोललेली पाकळी नाकाशी धरून बघा, वास बेताचाच येतो. मग खलबत्त्यात एकच ठोसा द्या. तो जो उग्र दर्प उठतो, तो ॲलिसिनचा. जंतूंवर चालणारं ते हेच, आणि ठोसा बसेपर्यंत पाकळीत ते नव्हतंच. तिच्यात होतं बिनवासाचं ॲलिइन, आणि त्याच्यापासून दूर, वेगळ्या कप्प्यात, ॲलिइनेज नावाचं विकर. किल्ल्यावर दारू एकीकडे आणि बत्ती दुसरीकडे ठेवावी, तशी ही व्यवस्था. किडीने कुरतडलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होऊ लागतं.

चेस्टर कॅव्हलिटो आणि जॉन बेली यांनी १९४४ साली अमेरिकेत ॲलिसिन वेगळं काढलं. त्यांचा पुढच्या वर्षीचा प्रयोग मला जास्त आवडतो. कोरड्या बर्फात गोठवलेला लसूण त्यांनी ॲसिटोनमध्ये वाटला. भुकटीला वास नाही. पाणी घातलं, लसूण दरवळला! मग तशीच कोरडी भुकटी त्यांनी अल्कोहोलमध्ये उकळून घेतली. तिच्यात कितीही पाणी घाला, ढिम्म. उष्णतेने विकर मेलं होतं.

आता स्वयंपाकघरात या. पाकळ्या अख्ख्याच कडकडीत फोडणीत टाकल्या तर चव झकास, पण ॲलिसिन जवळपास नाही. ठेचून दहाएक मिनिटं ठेवलात तर विकराचं काम आधीच उरकलेलं असतं. तापल्यावर ॲलिसिनही मोडतं, म्हणून खरा मान कच्च्या चटणीचा. अख्खी गिळलेली पाकळी जठरातल्या आम्लात पोचते आणि तिथे विकर निकामी होतं. सासूबाईंना सांगा, निदान चावून खा.

आमची फेसलेली मोहरी याच युक्तीची. कोरडी मोहरीपूड गरीब असते. पाणी घालून फेसली की नाकात झिणझिण्या आणते. तिथेही दोन पदार्थ पाण्याची वाट बघत बसलेले असतात. लोणच्याला बुरशी लागू नये म्हणून मीठ आणि तेल झटतात, त्यांना या झिणझिण्यांची साथ असते.

ॲलिसिन मारतं कसं? जंतूंच्या विकरांवर गंधकाचे जे हात असतात, ते धरून ठेवतं. विकरं लुळी पडतात. काचेच्या बशीत ते कित्येक जिवाणूंना आणि काही विषाणूंनाही पुरून उरतं. पण बशी म्हणजे शरीर नव्हे. लसूण खाल्ल्यावर रक्तात ॲलिसिन सापडत नाही. तिथे पोचण्याआधीच ते मोडतं. करोनाच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेला सांगावं लागलं की, लसणाने त्या विषाणूपासून बचाव होतो याला पुरावा नाही. गंधकाचे हात आपल्या कातडीलाही आहेत, म्हणून गळवावर कच्चा लसूण बांधून ठेवू नका. कातडी भाजते, फोड येतात.

हळद पुढच्या आठवड्यात. मोहरीवर पत्रं आली नाहीत तर.